चोरबाजारातलं तांब्याचं दुकान आणि १८४४ सालचं घंगाळ

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली एक तक्रार पण आहे आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. मटण स्ट्रीटवर आतल्या बाजूला आहे, बाहेर ग्रामोफोनचे भोंगे लटकवलेत आणि आत शिरायला वाकावं लागतं एवढं सांगते, शोधणारा शोधेल. पाचपैकी साडेतीन स्टार. माल चार, भाव तीन, माहिती दीड आणि चहा पाच. साडेतीन कसे होतात ते विचारू नका.

मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा नुसतीच बघायला, ऑफिसला सुट्टी होती म्हणून सँडहर्स्ट रोडला उतरून चालत. शुक्रवारी जाऊ नका हां, त्या दिवशी दुकानं बंद आणि रस्त्यावर वेगळाच जुना बाजार भरतो पहाटेपासून, त्यात नळाच्या तोट्यांपासून बुटापर्यंत सगळं मिळतं पण आपल्या कामाचं काही सापडलं तर नशीब. दुकानात तांब्याचा माल मागच्या खोलीत ढीग करून ठेवलाय. बंब, हंडे, पिकदाण्या, भिंतीवर टांगायची ताटं, दोन-तीन काश्मिरी सुरया आणि विलायती किटल्या. मालक म्हातारे चाचा, त्यांचा एक पोरगा की पुतण्या, बहुतेक वेळ तोच बोलतो. आणि बोलतो म्हणजे काय, प्रत्येक वस्तू "ब्रिटिश टाइम का" आणि प्रत्येक वस्तू "हॅण्डमेड". एका किटलीवर राणीचा मुकुट आणि खाली १८७६ असा गोल छाप होता, मला म्हणाला मॅडम सील देखो सील. मी सील बघितलं, मग शेजारच्या होकायंत्रावर तेच सील, दुर्बिणीवर तेच सील, आणि एका तांब्याच्या लोट्यावर पण तेच सील. राणीने बहुतेक त्या वर्षी दुसरं काही केलंच नाही. छापाच्या कडा अशा धारदार की बोट फिरवलं तर कूस लागते, आणि आजूबाजूला मात्र मुद्दाम काळं केलेलं. जुन्या भांड्यावर उलटं असतं, छापाच्या कडा घासून गोल झालेल्या असतात आणि काळेपणा खड्ड्यात राहतो, हात जिथे लागतो तिथे नाही. सोबत एक लोहचुंबक न्या, अशा मालात कधीकधी लोखंडावर तांब्याचा मुलामा असतो, टपकन चिकटतो.

पण हे सोडून द्या, कारण खरा माल पण आहे आणि त्यासाठीच लिहितेय.

एक ट्रे दाखवला त्याने. लंबगोल, कडेला ट्यूलिपसारखी फुलं, देठ चाबकाच्या वेलांटीसारखे वळलेले, पानं बदामाच्या आकाराची, आणि सगळीकडे हातोडीचे टोले. हॅण्डमेड मॅडम, एकेक ठोका हाथ से. मागे बारीक छाप, जे एस अँड एस. आता हा छाप खरा आहे, जोसेफ सॅन्की अँड सन्स, इंग्लंडमधल्या बिल्स्टनची कंपनी, आणि नक्षी म्हणजे १९०० च्या आगेमागे युरोपात ज्या आर्ट नूव्होची हवा होती त्यातली. मी खूश झाले. मग सहज विचारलं असा अजून आहे का, तर त्याने मागून दुसरा काढला, तस्साच. मी एकावर एक ठेवले. आपल्या घरच्या स्टीलच्या थाळ्या बसतात तसे गच्च बसले. टोले टोल्यात बसले! हातोडीचा प्रत्येक खड्डा दुसऱ्या ट्रेच्या त्याच जागी. हाताने ठोकणाऱ्या माणसाचे दोन टोले सारखे पडत नाहीत हो, दोन ताटं सोडूनच द्या. म्हणजे टोल्यांसकट डाय, म्हणजे साचा, बनवली आणि प्रेसमध्ये दाबून काढले.

यात फसवणूक दुकानाची नाही, त्या काळाचीच गंमत आहे. त्या वेळी विलायतेत काही मंडळी कारखान्यांना वैतागून हाताने भांडी घडवायला लागली होती, आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात ती चळवळ. केझिकला १८८४ मध्ये एका पाद्र्याने आणि त्याच्या बायकोने संध्याकाळचे वर्ग काढले, त्यांच्या भांड्यांवर के एस आय ए (केझिक स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट) असतं. कॉर्नवॉलमध्ये न्यूलिन म्हणून मच्छीमारांचं गाव, तिथे १८९० पासून कोळ्यांच्या पोरांना तांबं ठोकायला शिकवलं, कारण मासेमारी नसली की हात रिकामे. त्यामुळे न्यूलिनच्या तांब्यावर मासे, खेकडे, शिडाची जहाजं (आपल्या वर्सोव्याला कोणी असं काढलं असतं तर पापलेटवाली ताटं आज लिलावात असती). जॉन पिअर्सन म्हणून एक होता, आधी लंडनच्या गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, आणि मग न्यूलिनला, त्याचे विचित्र प्राणी आणि जे पी अशी सही, बऱ्याचदा सालासकट. हे असं हातचं काम लोकांना आवडायला लागल्यावर कारखानेवाले काय गप्प बसतात, त्यांनी टोल्यांची डायच केली. म्हणून नुसता खरा छाप बघून "हॅण्डमेड" चे पैसे देऊ नका. आणि उलट पण खरं, न्यूलिनचे कितीतरी तुकडे बिनछापाचे आहेत, तिथे मासा कसा ठोकलाय तेच बघायचं. ट्रेचे सहा हजार सांगितले, मी घेतला नाही, पण दोन हजाराला मिळाला तर घ्या, वस्तू शंभरेक वर्षांची आहे आणि चहा छान दिसतो.

विलायती मालात अजून एक किटली होती लाकडी मुठीची, तिच्या बुडाला आर डी नंबर. दोन लाख सत्तर हजारच्या घरातला. हा नंबर म्हणजे डिझाइन नोंदवल्याचा. १८८४ पासून एकापासून मोजायला सुरुवात झाली, १८९० साली एक लाख एक्केचाळीस हजारांच्या पुढे गेला होता आणि १९०० ला साडेतीन लाखांच्या, म्हणजे ही किटली १८९० नंतरची. त्याच्या आधी, १८४२ ते १८८३, चौकट राजासारखी चौकट छापायचे आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं. पण लक्षात घ्या, नोंदणी डिझाइनची आहे, भांड्याची नाही. किटली त्या सालाच्या आधीची नसणार एवढंच कळतं, नंतर वीस वर्षं तेच डिझाइन काढत बसले असतील तर कोण सांगणार. हे डोक्यात ठेवा, घंगाळाच्या वेळी याच्या बरोब्बर उलटं येणार आहे.

आणि बुडाला नुसतंच इंग्रजीत इंडिया असं असेल तर ते बहुतेक निर्यातीसाठी केलेलं, १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेने १८९० च्या कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. मुरादाबादी पितळेवर हे खूप दिसतं. आपल्या घरात वापरायच्या हंड्यावर कोण कशाला इंडिया लिहील, आपल्याला माहीत होतं की आपण कुठे आहोत.

आता लोटा. ही माझी खरेदी आणि मी फार खूश आहे. टोपलीत सेकंड हॅण्ड मालात पडला होता. गळ्याभोवती वेल, वेलीत मोर, खोदकाम बारीक आणि थोडं वेडंवाकडं, प्रत्येक मोराची मान वेगळी. बुडाला गुजराती अक्षरांत कोणा बाईचं नाव आणि सं. १९६१. पोरगा म्हणाला ये उतना पुराना नहीं है मॅडम, नाइन्टीन सिक्स्टी वन, नऊशे दे दो. मी गिरगावात वाढलेली, खालच्या मजल्यावर सगळं गुजराती कुटुंब, दिवाळीला त्यांच्या वह्यांवर नवीन संवत बघितलेला. सं. म्हणजे संवत, विक्रम संवत. १९६१ संवत म्हणजे १९०४ च्या दिवाळीपासून १९०५ च्या दिवाळीपर्यंत. मी काही न बोलता नऊशे दिले, साडेआठशे पण नाही म्हटलं, घासाघीस केली असती तर त्याने लोटा परत हातात घेतला असता. बरोबर केलं का? आई म्हणाली नाही केलंस. असू दे.

त्याच दिवशी घंगाळ दिसलं. कोपऱ्यात, उलटं, त्यावर एक टेबलफॅन. चांगलं रुंद तोंडाचं, दोन बाजूंना कड्या, सगळ्या अंगावर मठार काम, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून ठोकून उठवलेले ते चकाकणारे ठिपके. मठाराचं काम पुण्याच्या तांबट आळीत अजून करतात, कसब्यात, आणि ते दिसायला नक्षी वाटतं पण आधी मजबुतीसाठी असतं, ठोकल्याने पत्रा कडक होतो. बाजूला जोड दिसत होता, पत्र्याच्या कडेला दाते कापून एकमेकांत अडकवून डाख लावलेला, दोन हातांची बोटं गुंफल्यासारखा. पोराने फॅन उचलला, ओठाखालचं लिखाण दाखवलं आणि म्हणाला एटीन फोर्टी फोर, लिखा है ना, पौने दो सौ साल से ऊपर का है। अठ्ठावीस हजार.

अक्षरं हिरवट कळंकाने भरली होती, मला नीट फक्त १८४४ दिसत होतं. मी फोटो काढला (देवाची कृपा की काढला) आणि घरी आले.

दुसऱ्या खेपेला मामाला घेऊन गेले. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आयुष्य तांबाकाट्याला भांड्यांच्या दुकानात गेलं, गुडघे दुखतात पण चोरबाजार म्हटल्यावर टॅक्सीत माझ्या आधी बसला. चाचांशी त्याचं लगेच जमलं, दोघांनी आधी पाच मिनिटं तांब्याचा भाव पूर्वी काय होता यावर हळहळ केली. मग मामाने घंगाळ मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख त्या ओळीवरून हळूहळू नेलं, आंधळा माणूस वाचतो तसं. "अगं, याच्या मागे काहीतरी आहे. जरा पाणी दे." बाटलीतलं पाणी ओतून साडीच्या पदराने, म्हणजे माझ्या ओढणीने, पुसलं. श, मग क ला मात्रा. शके. शके १८४४ माघ. आणि त्याच्या आधी कोणाकडून कोणाला आहेर ते, आडनावासकट. आडनाव इथे टाकत नाही, त्यांची नातवंडं असतील कुठेतरी दादर-ठाण्याला.

शके असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. १९२२. पण माघ म्हणजे शेवटून दुसरा महिना, शकाचं वर्ष संपता संपता, इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं, म्हणून एकोणऐंशी. १९२३ चा जानेवारी-फेब्रुवारी, लग्नसराई. म्हणजे बघा, एकाच दुकानात एका पोराने शकातल्या आहेराला इसवी समजून अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी वर्षं म्हातारं केलं आणि संवतातल्या लोट्याला इसवी समजून छप्पन्न वर्षं तरुण केलं. सरासरी काढली तर हिशोब फार चुकत नाही त्याचा.

मी मामाला विचारलं, नाव नंतर कोणी घातलं असेल तर? म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं वाटावं म्हणून आत्ता? तर म्हणाला हल्ली नाव मशिनने घालतात, ती वीजेची पेन्सिल थरथरते आणि ठिपक्यांची रांग पडते, सगळे ठिपके सारखे. पूर्वी छोटी छिन्नी आणि हातोडी, माणूस भांडं मांडीत धरून टक टक टक, रेघ लहान लहान तुकड्यांची असते आणि वळणावर तुकडे जवळजवळ येतात. याच्या ळ चं वळण बघ, म्हणाला. खरंच, वळणावर छिन्नी घाईने नऊ-दहा वेळा पडली होती आणि सरळ रेघेत ऐसपैस. आत हात घालून बघितलं तर त्याच जागी पत्रा किंचित फुगलेला. आणि अक्षरांच्या कडा चिंचेने घासून घासून मऊ.

दुकानात ग्राहक थांबवून नाव घालून घ्यायचे, मामा सांगत होता, लग्नाच्या दिवसांत नाव घालणाऱ्याला जेवायला फुरसत नसायची. घडवणाऱ्या तांबटाचं नाव मात्र कधीच नाही. दुकानाचा शिक्का असला तर असतो. आपल्याकडे भांड्यावर नाव देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, करणारा गायब. विलायतेत पिअर्सन सही करतो, इथे आत्याबाई.

आणि हे आर डी नंबराच्या उलटं. तिथे किटली नंबराच्या सालापेक्षा जुनी असू शकत नाही, इथे घंगाळ आहेराच्या सालापेक्षा नवीन असू शकत नाही. घरातलंच जुनं घंगाळ घासूनपुसून नाव घालून आहेर केला असेल तर? मामा म्हणाला तसंही करायचे लोक, न सांगता.

चाचा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले आप को तो सब मालूम है, अब दाम भी आप ही बोलो. अकरा हजारात ठरलं. मामाच्या मते दोन हजार जास्त गेले, माझ्या मते नाही, त्या आहेराच्या ओळीचे मी दोन हजार दिले. चाचांना पूर्ण मार्क, चूक कळल्यावर भांडले नाहीत, चहा परत मागवला.

आता तक्रार. टॅक्सीत मामा, मामाची काठी, घंगाळ आणि मी एवढं बसेना, म्हणून पैसे देऊन घंगाळ ठेवलं, शनिवारी नेते म्हटलं. शनिवारी गेले (ही तिसरी खेप) तर पोरगा हसत हसत पुढे आला, मॅडम आप के लिए चकाचक कर दिया, पॉलिश का पैसा नहीं लूँगा. बफिंगच्या चाकावर धरलं होतं त्याने. आरशासारखं चमकत होतं. मठाराचे ठिपके सपाट झालेले, शंभर वर्षांचा तो तपकिरी चॉकलेटी रंग गेला, आणि ओठाखाली १८४४ आहे पण शके म्हणजे आता फक्त मात्रा आणि अर्धा श. माहीत नसणारा कोणी पुढे बघेल तर तो पण एटीन फोर्टी फोरच म्हणणार. मी काही बोलूच शकले नाही, पोराने मनापासून केलं होतं, त्याच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ गिऱ्हाइकांना चकाचकच हवं असतं. चाचांनी त्याला झापलं आणि मला हजार परत दिले. पाचातले दीड स्टार तिथे गेले.

ज्यांना बाकी माल बघायचाय त्यांच्यासाठी पटकन. तंजावरचं एक ताट आहे, तांब्यावर चांदीचे देव बसवलेले, बहुधा खरं, दोन देव निसटलेत. त्याच्या मागे टांगायला कडी आहे, म्हणजे हे जेवायला केलेलंच नाही, साहेबाच्या दिवाणखान्यासाठी, आपल्याकडे ताट भिंतीला कोण लावतं. अशा वस्तूत आधी आकार बघा की कोणाच्या वापराचा आहे, मग नक्षी, आणि छाप सगळ्यात शेवटी. काश्मिरी सुरया कोयरी आणि चिनारच्या पानांच्या, आतून कल्हई गेलेली, पाणी प्यायला घेऊ नका, शोभेला ठीक. बंब मस्त आहे पण चिमणी नंतरची.

आणि जायच्या आधी एकदा भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम करून जा, बुधवारी बंद असतं. १८७२ पासून लोकांसाठी उघडलेलं आहे, एकोणिसाव्या शतकातली कारागिरी काचेत मांडलेली, धातूची भांडी पण, डोळा तयार होतो. त्याच सुमारास आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये १८६५ ला लॉकवूड किपलिंग शिकवायला आला आणि १८९१ मध्ये रे आर्ट वर्कशॉप्स निघाली, तिथे धातुकाम शिकवायचे. त्यामुळे मुंबईच्या जुन्या मालात आकार विलायती आणि नक्षी देशी अशी खिचडी भेटली की नकली म्हणून फेकू नका, खिचडी पण त्या काळचीच असू शकते.

ताई न्यू जर्सीहून फोनवर म्हणाली घंगाळ मला दे, मी त्यात झाडं लावते. तिला सांगितलं, शंभरी ओलांडलेली पुरातन वस्तू असली तर १९७२ च्या कायद्याने आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, ते ठरवायला पुरातत्त्व खात्याकडे जावं लागेल, कागद कर. ती म्हणाली मग राहू दे. बफिंगचा एवढा एक फायदा झाला नाही, कायद्याला चकाकी कळत नाही.

तुम्ही काही घेतलंत तर तिथल्या तिथे उचलून आणा. ठेवावंच लागलं तर पावतीवर "पॉलिश नको" असं लिहून घ्या, मराठीत आणि हिंदीत, आणि पोराकडून ते मोठ्याने वाचून घ्या.